लिओना कुबिक बोलत नव्हती ते तीन आठवडे

लिओना कुबिकला मी सतरा वर्षं ओळखत होते, आणि त्या सतरा वर्षांत तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

लेकपोर्टच्या रेडिओवर दुपारी तीन ते सहा बेसबॉलवरच्या गप्पांचा कार्यक्रम असायचा. माईकसमोर मिच टोलिव्हर बसायचा आणि काचेच्या अलीकडे, फोन उचलायला, मी. फोन करणारा कोण, कुठला, शुद्धीत आहे ना, एवढं बघायचं आणि मिचला खूण करायची. लिओनाला यातलं काही विचारावं लागत नसे. रिसीव्हर उचलायचा आणि कानापासून वीतभर लांब धरायचा.

"पोरी, लवकर जोड. गॅसवर बटाटे ठेवलेत."

"नेडीन म्हणा हो, मिसेस कुबिक. पोर काय, चाळिशी उलटली माझी."

"म्हणजे पोरच. जोड."

खोक्यांच्या कारखान्यात कापणीच्या यंत्राशेजारी तिने एकतीस वर्षं काढली होती. त्या खडखडाटात बोलायची सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. मी तिची कल्पना करायचे ती उंचनिंच, रुंद खांद्यांची, दार भरून टाकणारी बाई अशी.

आमचा संघ हेरॉन्स. मोठ्या लीगच्या बरोबर एक पायरी खालचा. म्हणजे पोरं इथे तयार व्हायची आणि तयार झाली की वर जायची. लिओनाचा सगळ्यात जुना राग हाच. "पोरगा येतो तेव्हा त्याला वळणारा चेंडू दिसतसुद्धा नाही," ती म्हणायची. "दोन वर्षं आम्ही घसा कोरडा करून त्याला शिकवतो. शिकला रे शिकला की वरच्यांचा फोन, आणि संध्याकाळच्या विमानाने पोरगा गेला. बदल्यात आम्हाला काय मिळतं? वरून खाली आलेले. घरात जुना सोफा नको झाला की तो गरीब नातेवाइकाला देतात ना, तसे."

बाकी मतंही काही कमी नव्हती. होमरन मारून उभं राहणाऱ्यांवर तिचा विशेष डोळा. "मारलास ना? मग पळ! चेंडूकडे बघत काय उभा राहतोस? तो काय तुझा पाहुणा आहे, दिसेनासा होईपर्यंत हात हलवायला?" जो खेळाडू फक्त बॅटिंगला येतो आणि मैदानात उभा राहत नाही, तो तिच्या लेखी जेवायला येणारा आणि ताट न उचलणारा दीर. "माझ्याकडे असे दोन आहेत, मला नका शिकवू." आणि बंट! बॅट आडवी धरून चेंडू पायाशी पाडायचा, आपण बाद व्हायचं आणि पुढच्याला एक बेस पुढे सरकवायचं, या प्रकाराचा तिला मनापासून तिटकारा. "याला म्हणे त्याग म्हणतात. मारता येत नाही असं सरळ सांगा की!" बेसाइडचा हॅल नावाचा एक निवृत्त न्हावी बंटचा कैवारी होता. सतरा वर्षं दोघं आमच्या कार्यक्रमात एकमेकांना गाढव म्हणत आली होती, आणि त्यांचीही समोरासमोर कधी भेट झाली नव्हती.

त्या वर्षी, त्र्याण्णव साली, तिच्या तोंडी एकच नाव होतं. लायल प्रुएट. एकोणतीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, वरून खाली पाठवलेला. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात, सामना हातात असताना यायचा आणि बरेचदा घालवून जायचा. प्रत्येक चेंडू टाकण्याआधी टोपीला चार वेळा हात लावायची सवय. "टोपी बसत नसेल तर दुसरी आण रे बाबा," लिओना म्हणायची. "चार वेळा टोपी आणि चार बॉल बाहेर. पुढचा चालला फुकट बेसवर. आम्ही काय टोपी बघायला येतो?"

पण मे महिन्यात माझ्या लक्षात आलं की मी रिसीव्हर कानाला लावून तिचं ऐकतेय. आवाज खाली बसला होता, मधेच फाटायचा, मधेच नुसती हवा यायची. "सर्दी," ती म्हणाली. महिनाभर सर्दीच होती.

जूनच्या सुरुवातीला एका शुक्रवारी ती म्हणाली, "पोरी, पुढचे काही दिवस फोन नाही व्हायचा माझ्याकडून. मिचला सांगू नकोस."

"का? कुठे गावाला?"

"कुठलं गाव. घशात काहीतरी उगवलंय. सोमवारी काढणार. तपासायला पाठवणार." मग म्हणाली, "तीन आठवडे तोंड बंद ठेवायचं. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने म्हणे जास्तच ताण पडतो. नवऱ्याला, ऑगीला, तर ऐकून हसूच फुटलं मेल्याला. बरं, आता जोड. प्रुएटवर बोलायचंय."

मी जोडलं. पुढची चार मिनिटं ती त्या फाटक्या आवाजात प्रुएटच्या टोपीवर बोलली, आणि मी काचेच्या अलीकडे हातात पेन्सिल धरून नुसती बसले. माझी आई घशातल्या गाठीनेच गेली होती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. लोक विचारायला लागले, लिओना कुठाय? मी कुणाला काही बोलले नाही. गुरुवारी एकाने फोनवर सांगितलं की कुबिकांच्या गल्लीत त्याने रुग्णवाहिका पाहिली. मिच बिचारा सरळ मनाने म्हणाला, "लिओना, जिथे असशील तिथे, आम्हाला तुझी आठवण येते."

बस. तेवढं पुरलं. शुक्रवारी तीन वाजायच्या आत माझ्यासमोरचे, फोनच्या सहा लाइनींचे, सहाही दिवे लुकलुकत होते.

"ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलंत?"

"लिओना गेली म्हणे."

"मला तसं काही कळलेलं नाही," मी म्हणायचे, आणि ते खरंच होतं. पण मला गाठीचं माहीत होतं, त्यामुळे माझा आवाज असा काही निघायचा की ऐकणाऱ्याची खात्रीच पटायची. मी तिच्या घरी फोन लावला. वीस वेळा वाजला. कुणी उचलला नाही. परत लावला. परत तेच.

त्या दुपारी तीन तास लोक लिओनाबद्दल बोलत राहिले. मिचने दहादा सांगितलं की पक्की बातमी नाही. कोण ऐकतो? एक बसचालक म्हणाला, "दहा वर्षांपूर्वी तिने मला रेडिओवर बैल म्हटलं होतं. गाडीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तसा दिवस परत आला नाही माझ्या आयुष्यात." एका बाईने सांगितलं की तिचं तान्हं मूल लिओनाचा आवाज लागला की रडायचं थांबायचं. आणि सव्वापाचला बेसाइडच्या हॅलचा फोन आला.

त्याने आधी घरातला रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "मिच, बंटचं तिचं बरोबर होतं."

मिचने हातातला कागद खाली ठेवला.

"म्हणजे अगदी सगळं नाही. पण बरंचसं. मला कळत होतं, आठ-दहा वर्षांपासून. पण तिला कसं सांगणार? ती मधे बोलूच देत नव्हती."

रात्रभर मला धड झोप लागली नाही. शनिवारी सकाळी मी स्टेशनच्या वहीतून तिचा पत्ता काढला. मागे कधीतरी बक्षिसाचा मग पाठवला होता तो. गाडी काढली आणि गेले.

लहानसं पांढरं घर, पुढे लाकडी पायऱ्या. पायऱ्यांवर माझ्या आधी एक शेजारीण उभी होती. काळा पोशाख, हातात झाकलेलं भांडं. दुखवट्याच्या घरी देतात तसं नूडल्स-ट्यूना भाजून आणलेलं, वास येत होता. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. तिने घंटी वाजवली.

दार उघडलं. दारात चार फूट दहा इंचाची, काटकुळी, पांढऱ्या केसांची बाई. गळ्यात दोरीने अडकवलेली लहान मुलांची पाटी.

शेजारणीच्या तोंडून किंचाळी निघाली आणि भांडं सुटलंच होतं. त्या काटकुळ्या बाईने ते अधांतरी झेललं, झाकण उचललं, वास घेतला, भांडं कमरेवर ठेवलं आणि पाटीवर लिहिलं:

"हे कशाबद्दल?"

"लिओना! अगं तू... तू गेलीस ना?"

लिओनाने पाटी पुसली. लिहिलं: "कुठे?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. पायऱ्यांच्या कठड्याला धरून मी तशीच उभी राहिले. लिओनाने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"मी नेडीन," मी म्हटलं. "फोनवाली."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मग लिहिलं: "एवढी उंच?"

स्वयंपाकघरात टेबलावर आणखी तीन भांडी होती. ऑगी, तिचा नवरा, त्यातलं एक संपवत होता. हाही लहानखुराच, गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा. चौतीस वर्षं पावाची गाडी चालवली होती त्याने. पहाटे चारला निघायचं, दुकानं उघडायच्या आत पाव ठेवून यायचं, कुणाशी बोलायची वेळच नाही.

"काल संध्याकाळपासून लोक भांडी आणतायत," तो मला म्हणाला. "मला वाटलं, ऑपरेशन झालं म्हणून. दारात ठेवून डोळे पुसत जातात. मी म्हटलं, किती जीव लावतात हो माणसं."

"आणि फोन का नाही उचललात? मी वीसदा वाजू दिला."

ऑगी लाजला. "फोन तीच घेते. आमच्यात तसंच आहे."

लिओना खडूने पाटीवर ठोकत होती. तिने शुक्रवारचा पूर्ण कार्यक्रम ऐकला होता. स्वतःच्या मरणाची तीन तासांची बातमी, तोंडातून अवाक्षर न काढता. पाटीवर लिहिलं होतं: "हॅलची टेप पाहिजे. बंटवाली."

"देते," मी म्हटलं. "पण आधी लोकांना सांगायला हवं ना, तुम्ही आहात म्हणून. मी सांगू मिचला?"

तिने जोरात मान हलवली. नाही. बोट ऑगीकडे केलं.

"मी?" ऑगीने काटा खाली ठेवला. "मी नाही. मला नाही जमायचं ते."

पाटी: "जमेल."

"लिओना, मी बेकरीत मालकाशीसुद्धा फोनवर बोललो नाही कधी."

पाटी: "सोमवारी. तीन वाजता. मी लिहून देईन."

निघताना ऑगी मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आला. दार नीट लागलंय याची खात्री करून घेतली. "रिपोर्ट यायचाय अजून," तो हळूच म्हणाला. "आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. ती त्यावर काही लिहीतच नाही. मी विचारलं की पाटी पुसते आणि प्रुएटबद्दल लिहिते."

सोमवारी तीन वाजून एक मिनिटाने दुसरा दिवा लागला.

"नमस्कार. मी ऑगस्ट कुबिक बोलतोय. मला जोडता का, जमलं तर? नसेल जमत तर राहू दे."

"जोडते हो," मी म्हटलं आणि मिचला खूण केली.

"नमस्कार मिस्टर टोलिव्हर. मी ऑगस्ट कुबिक, लिओनाचा नवरा. लिओना जिवंत आहे. आभारी आहे." आणि फोन ठेवला.

मिच काचेतून माझ्याकडे बघत राहिला. अर्ध्या मिनिटात परत दिवा लागला.

"तिने परत लावायला सांगितलं," ऑगी म्हणाला. "कागद वाचायचा राहिला."

तर असं सुरू झालं ते. रोज तीन वाजता ऑगी लिओनाचा कागद वाचायचा. पहिल्या दिवशी त्याचा आवाज एवढा बारीक होता की तांत्रिक खोलीतून कुणीतरी येऊन तारा तपासून गेलं. मागे पाटीवर खडूचा टकटक आवाज ऐकू यायचा. ती शेजारीच बसून असायची.

"'प्रुएट हा...'" ऑगी वाचायचा आणि थांबायचा. "मिस्टर टोलिव्हर, हा शब्द मी नाही वाचणार."

"वाच ना, ऑगी. आम्ही लिओनाचे शब्द सतरा वर्षं ऐकतोय."

"ती बोलते तेव्हा वेगळं वाटतं. लिहिलेलं फार वाईट दिसतं. थोडक्यात सांगायचं तर तिला तो आवडत नाही."

टकटकटकटक.

"खूपच आवडत नाही," ऑगी म्हणायचा.

मंगळवारी मिचने त्याला सहज विचारलं. "आणि तुझं काय मत, ऑगी? प्रुएटबद्दल?"

मागची टकटक थांबली.  मला वाटलं, आता हा फोन ठेवणार.

"मला बेसबॉलमधलं फारसं कळत नाही," तो म्हणाला. "मी तिच्यासोबत जातो आणि शेंगा खातो. पण मी बघितलंय, बेसवर कुणी नसलं की पोरगा बरा टाकतो. कुणी दुसऱ्या बेसवर, त्याच्या पाठीमागे येऊन उभा राहिला, की बिघडतं. मग तो मागे बघतो, टोपीला हात लावतो, परत मागे बघतो. मला माहीत आहे ते. एकदा पावाची गाडी मागे घेताना मी मिसेस हॉर्वाथची पत्रपेटी पाडली होती. त्यानंतर वर्षभर मी सारखा आरशातच बघायचो. पुढे रस्ता आहे याचं भानच नाही. त्या वर्षी मी तीन पेट्या आणखी पाडल्या. पुढून."

मिच हसला नाही. "मग कसं थांबलं ते?"

"माहीत नाही. एक दिवस पेटी पाडली, आणि ती बाई बाहेर येऊन म्हणाली, हरकत नाही, तशीही गंजलीच होती. त्यानंतर नाही पाडली."

सहाही दिवे लागले. तिथून पुढे फोन यायचे ते ऑगीसाठी. त्याला विचारा, आपला कॅचर, तो मागे बसून चेंडू झेलणारा, एवढा का चिडतो? त्याला विचारा, पहिल्या बेसवरचा ओक्स सारखा डावीकडे का थुंकतो? आणि ऑगी कागद बाजूला ठेवून विचार करून उत्तर द्यायचा, मागे लिओना टेबलावर मूठ आपटत असायची. त्या मंगळवारी रात्रीच प्रुएटने चार धावा देऊन सामना घालवला. दुसऱ्या दिवशी ऑगीने प्रामाणिकपणे सांगितलं, "लिओनाने पाटीवर 'आरसा' असं लिहून ती माझ्या नाकासमोर धरली आहे."

सगळं गाव हसत होतं. मी मात्र रोज दिवस मोजायचे. आठ. नऊ. दहा. फोन जोडायच्या आधी मी विचारायचे, "आलं का काही?" आणि ऑगी म्हणायचा, "नाही हो." मग माईकवर गेला की त्याच आवाजात कॅचरबद्दल बोलायचा. कसा बोलत होता, देव जाणे.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, ऑगी माझ्याकडे लाइनवर थांबला होता. त्याच्या आधी दोन फोन होते, पंधरा मिनिटं तरी जायची होती. तेवढ्यात चौथा दिवा लागला.

"मी आयरीन, डॉक्टर फेल्डकॅम्प यांच्या दवाखान्यातून," एक बाई म्हणाली. "मी तीन वाजल्यापासून कुबिकांना फोन लावतेय. सारखा एंगेज. मग लक्षात आलं, हे तर तुमच्याकडे असणार. त्यांना जरा फोन ठेवायला सांगता का?"

मी पेन्सिल उचलली. "काय आहे?"

"ते मला तुम्हाला सांगता येणार नाही हो."

"नुसतं चांगलं की वाईट?"

"बाई," आयरीन म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून काहीच कळेना, "त्यांना फोन ठेवायला सांगा."

मी दुसरा दिवा दाबला. "ऑगी, फोन ठेवा. डॉक्टरांकडून फोन येतोय."

 पलीकडून खट्. ठेवला.

मी मिचला काचेतून खूण केली. त्याला नेमकं काय कळलं कुणास ठाऊक, पण त्याने जाहिराती लावल्या आणि बाहेर आला. मी सांगितलं. तांत्रिक खोलीतला माणूसही येऊन उभा राहिला. जाहिराती संपल्या. मिच आत गेला आणि हवेबद्दल काहीतरी बोलायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हवेबद्दल बोलताना ऐकलं. दिवे लागत होते, मी उचलत नव्हते. दुसऱ्या दिव्याकडे बघत बसले होते. सहा मिनिटं गेली. आठ. मी मनात म्हणत होते, चांगलं असतं तर एवढा वेळ लागला असता का?

दुसरा दिवा लागला.

"ऑगी?"

कुणी बोलेना. नुसता श्वास, मोठमोठा, मधेच अडकणारा. म्हातारा रडत होता. पण कशाने, ते मला कळेना.

"ऑगी, सांगा ना. काय म्हणाले?"

तो प्रयत्न करत होता, शब्दच बाहेर पडत नव्हता. मग रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखा आवाज झाला आणि रडणं लांब गेलं. कुणीतरी जवळ होतं, आणि गप्प होतं.

"मिसेस कुबिक? तुम्ही आहात का? हे बघा, बोलू नका. अजिबात बोलू नका. चांगलं असेल तर एकदा वाजवा."

खडू रिसीव्हरवर टक् असा वाजला.

आणि मग वाजतच राहिला. टक टक टक टक टक, थांबेचना. मी रिसीव्हर कानापासून काढला आणि उंच धरला, म्हणजे तांत्रिक खोलीतल्या माणसाला ऐकू जाईल आणि काचेपलीकडे मिचला दिसेल. मिच माईकसमोर दोन्ही हात वर करून उठून उभा राहिला, आणि पाच-सहा सेकंद लेकपोर्टच्या रेडिओवर काहीच आलं नाही.

थोड्या वेळाने ऑगी सावरला. मीच त्याला जोडलं, त्याने मागितलं म्हणून. "गाठ साधी होती," त्याने सगळ्या गावाला सांगितलं. "काही नाही म्हणाले. काढली ती काढली, परत यायची नाही बहुतेक." मग नाक शिंकरून म्हणाला, "तिने कागद दिलाय, पण आज नाही वाचत. आज मला जेवायचंय. अकरा दिवसांत जेवलो की नाही ते आठवत नाही."

"चार भांडी संपवलीत की, ऑगी," मी मधेच म्हणाले. माझा आवाज कधी कार्यक्रमात जात नसे, त्या दिवशी गेला.

"ती संपवली हो," तो म्हणाला. "पण जेवलो नव्हतो."

तीन आठवडे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांनी लिओनाला बोलायला परवानगी दिली. आवाज परत आला, पण आधीचा नव्हे. खर्जातला, खरखरीत, दोन खुर्च्यांच्या पलीकडे न जाणारा. ओरडायला कायमची बंदी. पहिल्या फोनला ती मिचला म्हणाली, "आधी हॅलला सांग, मी टेप रोज ऐकते." मग प्रुएटवर आली. ऑगीच्या मतांनी गाव नादावलं याचं तिला मनातून बरं वाटलं असावं, पण तसं ती कबूल करणारी नव्हती. "चौतीस वर्षं गाडीत एकटा बसून हा मतं साठवत होता," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, याला काही सांगण्यासारखं नाहीच. फसवलं मेल्याने."

ऑगस्टमधल्या एका रविवारी त्या दोघांनी मला मैदानावर नेलं. तिसऱ्या बेसमागची त्यांची जागा, ऊन डोक्यावर, ऑगीच्या मांडीवर शेंगांची पिशवी. लिओना सात डाव अखंड बोलत होती आणि तिच्या पलीकडच्या माणसालासुद्धा ऐकू जात नव्हतं. होमरन मारून एकजण उभा राहिला तेव्हा ती उठली, तोंड उघडलं, घशावर हात ठेवला आणि परत बसली. 

त्या दिवशी प्रुएट आठव्याच डावात आला. पहिल्याच चेंडूवर फटका बसला आणि समोरचा धावत दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला, बरोबर प्रुएटच्या पाठीमागे. प्रुएटने मागे बघितलं. टोपीला हात लावला. परत मागे बघितलं. आजूबाजूचे लोक ओरडायला लागले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑगीने पिशवी माझ्या हातात दिली आणि उभा राहिला. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरली. बासष्ट वर्षांत हा माणूस कुठल्याच मैदानावर ओरडला नव्हता.

"हरकत नाही!" तो ओरडला. "प्रुएट! हरकत नाही, बाळा!"

पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या.

"खाली बस," लिओना तिच्या त्या खरखरीत आवाजात म्हणाली. तिने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. "हरकत आहे! चांगली मोठी हरकत आहे!"

प्रुएटला ऐकू गेलं की नाही, मला सांगता यायचं नाही. पुढच्या माणसाला त्याने तीन चेंडूंत बाद केलं. ऑगी बसला, माझ्याकडून पिशवी परत घेतली आणि शेंगा सोलायला लागला.